शिसवीचे करंडे आणि न वाळणारे तेल : खराद कामातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या लकडगंज भागातली एक लहान खराद कार्यशाळा, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातण्याची जागा. दोन लेथ, तीन कारागीर. रोजचं काम सागवानाचं: पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, पाटाचे खूर. शहरातल्या महाल भागातल्या एका कुटुंबाने महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवासाठी जुलैच्या सुरुवातीला ४८ कुंकवाचे करंडे सांगितले. करंडा शिसवीचा, टोपणावर शिवणीच्या फिकट लाकडाची बोंडी. घरातल्या काकूंची एक अट ठाम होती: "चकचकीत पॉलिश नको, भाऊ. आजीच्या करंड्यासारखं तेलपाणी केलेलं दिसलं पाहिजे." पुढचा सगळा गुंता या अटीतून सुरू झाला, म्हणून ती आधी नोंदवली आहे.

करंड्याचा व्यास ७० मिमी, टोपणासह उंची ७५ मिमी, भिंत ४ मिमी, टोपणाच्या बैठकीची खोली ५ मिमी. शिसवी म्हणजे इथे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, काळसर जांभळ्या रेषांचं जड लाकूड. उत्तरेकडचा शिशम हा त्याचा भाऊबंद, पण वेगळा. लाकूड एका जुन्या वाड्यातून निघालेल्या पलंगांचं होतं. ओलावा मीटरवर ११ ते १२ टक्के, म्हणजे पावसाळ्याच्या मानाने उत्तम. कातकाम चांगलं झालं, ४०० नंबरच्या पेपरपर्यंत घासाई झाली. बोंड्या ८ मिमीच्या चुलीवर (भोकात बसणाऱ्या खुंटीवर) इपॉक्सीने बसवल्या.

मग तेल. डबल बॉइल्ड जवसाचं तेल, पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मंनिम्मं पातळ करून, दुसरा हात तसाच. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटांनी उरलेलं तेल फडक्याने पुसलं, दोन हातांत चोवीस तासांचं अंतर ठेवलं. सागवानावर आणि शिवणीवर कार्यशाळा हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरते आणि तिथे ती नीट चालते.

अडचण

नवव्या दिवशीही करंडे हाताला चिकटत होते. बोटाचा ठसा उठत होता, भुशाची धूळ बसली की निघत नव्हती. सगळ्यात वाईट अवस्था टोपणाच्या बैठकीची होती. तिथे दोन तेलकट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले होते आणि हवा जवळजवळ पोचतच नव्हती. काही टोपणं पिळून काढावी लागली आणि निघताना कडेला तेलाचे तंतू ओढले गेले. अशा करंड्यात कुंकू भरलं असतं तर काठावर त्याचा लगदाच झाला असता.

पहिला अंदाज पावसाळ्याचा. दमट हवेत तेल उशिरा वाळतं, हे खरंच आहे. त्यामुळे "दोन दिवस उन्हात ठेवा, वाळून जाईल" असा सल्ला शेजारून आला आणि त्यावर जवळजवळ एक आठवडा गेला. दुसरा अंदाज तेल खराब निघाल्याचा.

दोन्ही अंदाज खोडणारा पुरावा करंड्यावरच होता, फक्त तो बोटाने तपासावा लागत होता. त्याच डब्यातलं, त्याच दिवशी लावलेलं तेल शिवणीच्या बोंडीवर कडक वाळलं होतं. बोंडीवरून बोट खाली टोपणावर आणलं की सांध्याच्या रेषेपाशी बोट अडायचं. त्याहून स्पष्ट खूण काही करंड्यांवर होती. त्यांत शिसवीच्या कडेचा पांढरट पट्टा आला होता. तो पट्टा कोरडा होता आणि त्याला लागून असलेला काळा गाभा चिकट. झाड एक, तेल एक, हवा एक. फरक होता तो फक्त गाभ्यात.

कारण काय

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू साखळीने एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. ही साखळी चालवणाऱ्या कड्यांना रसायनशास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. शिसवीच्या गाभ्यात असलेली क्विनोन आणि फिनॉल गटातली द्रव्यं या मुक्त मूलकांना पकडतात, म्हणजे साखळी सुरू व्हायच्या आतच तुटते. वाळवी आणि बुरशीपासून गाभ्याला वाचवणारी द्रव्यंही बऱ्याच अंशी हीच. कडेच्या पांढऱ्या लाकडात ती फार कमी असतात, म्हणून तो पट्टा वाळला. लाकूड शंभर वर्षं जुनं असलं तरी ही द्रव्यं उडून जात नाहीत. त्यामुळे "जुनं, मुरलेलं लाकूड आहे" हा दिलासा इथे उपयोगाचा नव्हता.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. "तेलकट लाकूड" म्हटलं की वाटतं, वरचं तेल पुसलं की काम झालं. गोंदाच्या जोडणीच्या किंवा लॅकरच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण वाळणाऱ्या तेलाच्या बाबतीत असिटोनने पुसूनही प्रश्न सुटत नाही, कारण लावलेलं तेल आत मुरतं आणि ही द्रव्यं पुन्हा त्याच्यात विरघळतात. तेलात राळ मिसळून केलेली वार्निशं आणि एका डब्यातलं तेलाधारित पॉलियुरेथेन यांचंही तेच होतं.

खात्री करण्यासाठी शिसवीच्या उरलेल्या तुकड्यावर तीन पट्टे केले. एकावर थेट तेल, दुसऱ्यावर असिटोनने पुसून तेल, तिसऱ्यावर आधी लाखेचा एक पातळ हात आणि त्यावर तेल. चौथा नमुना काचेवर. काच आणि लाखेवरचा पट्टा तिसऱ्या दिवशी कोरडे होते. पहिले दोन पट्टे चिकटच. असिटोनचा पट्टा किंचित बरा होता, पण वापरता येण्याजोगा नव्हता. सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची कृती ही चार पट्ट्यांची चाचणी. ती ऑर्डरच्या आधी झाली असती तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं.

कोणते पर्याय समोर होते

डिलिव्हरीला बारा दिवस उरले होते.

वाट पाहणं हा पहिला पर्याय, आणि मनाला सोपाही तोच. शिसवीवरचं तेल कधीकधी कित्येक आठवड्यांनी आवळतंही. पण टोपणाच्या बैठकीत हवा नसल्याने तिथे ते आवळण्याची शक्यता नव्हतीच. वरून ड्रायर (तेल लवकर वाळवणारं द्रव्य) घातलेला आणखी एक हात द्यावा, असंही सुचवलं गेलं. ड्रायरने वरची साय लवकर धरते, खालचं तेल ओलंच राहतं आणि मग सुरकुत्या पडतात. हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

मेलामाइन कार्यशाळेच्या ओळखीचं होतं, कारण नागपुरातल्या फर्निचरवर ते सर्रास मारतात. ते आम्ल उत्प्रेरकाने आवळतं, ऑक्सिजनची वाट पाहत नाही, म्हणजे वाळलं असतं. पण खाली अर्धवट तेल राहिलं असतं तर फवाऱ्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले असते. शिवाय थर जाड बसतो आणि ४ मिमीच्या भिंतीचं टोपण मुळात फिट बसवलेलं. बंद करंड्यात फॉर्मल्डिहाइडचा वास कोंडतो, ही वेगळीच गोष्ट. कुंकवाच्या भांड्याला ते शोभत नाही.

दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) टिकायला सर्वांत भक्कम, पण शिसवीवर बरेच उत्पादक आधी खास अडवणारा थर द्यायला सांगतात. पॉलिएस्टर तर अशा लाकडावर मुक्त मूलकांच्या त्याच कारणाने हमखास फसतं. कार्यशाळेत फवारणीची बंद खोली नव्हती आणि पीयूतल्या आयसोसायनेट या घातक घटकाचं काम उघड्या शेडमध्ये करणं योग्य नाही. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, पेनसारख्या बारीक वस्तूंवर छान बसतो. ४८ करंड्यांना तो महागात पडला असता आणि त्याचा धूर डोळ्यांना त्रासदायक.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि लाख हे दोन खरे उमेदवार उरले. दोन्ही द्रावक उडून वाळतात, त्यांत रासायनिक साखळी नाही, त्यामुळे शिसवीतली द्रव्यं त्यांना अडवू शकत नाहीत. निवड करताना प्रश्न "कोणतं चमकतं" हा नसून "कोणतं कशाने वाळतं" हा असायला हवा. तो विचारला की यादी आपोआप दोनवर येते. लाख निवडण्याची कारणं अशी होती: थर अतिशय पातळ बसतो, तेलाच्या उरलेल्या अंशावरही ती चिकटते, कापडाच्या पोटलीने लावता येते, आणि तीन हातांनंतर मेणाने घोटल्यावर काकूंनी मागितलेलं मंद रूप येतं. लाखेची कमजोरीही माहीत होती. स्पिरिटने आणि क्षाराने ती विरघळते, गरम वस्तूने मऊ पडते.

सावंतवाडीसारखी लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून, घर्षणाच्या उष्णतेने लाख पसरवायची आणि केवड्याच्या पानाने घोटायची, ही जुनी रीतही विचारात आली. लाख इथे थंड होऊन कडक होते, म्हणून तत्त्वतः ती शिसवीला योग्यच आहे. पण तयार, पातळ भिंतीच्या करंड्यावर एवढा दाब आणि ताप दिला तर तडा जायची भीती होती. नव्याने करताना तिचा विचार जरूर व्हावा. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेतली जाते, तेव्हा कच्चा माल आपल्या दारातला आहे.

काय केलं

आधी दोनच करंडे घेतले, आणि तिथेच पुढची अडचण कळली. असिटोनने टोपण पुसताच फडकं जांभळं झालं आणि तो रंग बोंडीच्या मानेवर चढला. शिसवीचा रंग असिटोन आणि स्पिरिट दोन्हींत सुटतो आणि शिवणीसारखं फिकट लाकूड तो टिपून घेतं. एकदा रेषांत शिरला की तो पेपरनेही निघत नाही. सगळे ४८ एकदम पुसायला घेतले असते तर सगळ्या बोंड्या गेल्या असत्या.

त्यामुळे क्रम बदलला. आधी मिनरल टर्पेंटाइन, कारण त्यात न वाळलेलं तेल विरघळतं पण शिसवीचा रंग फारसा सुटत नाही. नायलॉनच्या घासणीने टर्पेंटाइन लावून मऊ झालेला थर रगडायचा, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच. बहुतेकांना तीन फेऱ्या लागल्या. अर्धवट आवळलेला, रबरासारखा भाग टर्पेंटाइनमध्ये सुटत नाही, तिथे ३२० चा पेपर टर्पेंटाइनमध्ये भिजवून फिरवला. कोरडा पेपर वापरला तर दहा सेकंदांत तो चिकटून भरतो आणि मग लाकडावर चरे ओढतो. मग रात्रभर वारा.

तेलाची फडकी एकावर एक टाकून ठेवायची नाहीत. जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यात ती कोंडून आपोआप आग लागते. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली किंवा तारेवर एकेक पसरवली.

दुसऱ्या दिवशी करंडे पुन्हा लेथवर चढवले. आंब्याच्या लाकडाचा जॅम चक (करंडा घट्ट बसेल असा लाकडी धारक) काढला, त्यावर करंडा दाबून बसवला. वेग मिनिटाला सुमारे ५०० फेरे. हे लाकूड जड, उष्णता लवकर न सोडणारं, त्यामुळे वेग वाढवून पेपर दाबला की टोकाच्या रेषांवर केसासारख्या चिरा दिसतात. ३२०, मग ४००, शेवटी लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हाताने. धुळीसाठी मास्क लावलेलाच. शिसवीच्या धुळीने काहींना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते.

बोंडीला आधी लाखेचे दोन हात देऊन ती बंद केली आणि मानेला मास्किंग टेप गुंडाळली. मग लेथ बंद ठेवून, पिळून घट्ट केलेल्या फडक्याने असिटोन, मानेपासून ५ मिमी आधीच थांबत. पुसून झाल्यावर दहा मिनिटांत लाखेचा पहिला हात. उशीर केला तर आतली द्रव्यं पुन्हा वर येतात आणि पुसण्याचा फायदा निघून जातो.

लाखेचं प्रमाण: १२० ग्रॅम चपडा (पापुद्र्यांच्या रूपातली लाख), १ लिटर स्पिरिट. चपड्यात थोडं नैसर्गिक मेण असतं आणि ते द्रावण गढूळ ठेवतं. द्रावण दोन दिवस न हलवता ठेवलं आणि वरचं निवळ पाणीदार द्रावण हळूच ओतून घेतलं. ४८ करंड्यांना अर्ध्या लिटरमध्ये काम भागलं. द्रावण ताजंच हवं. सहा महिने पडून राहिलेली लाख नीट कडक होत नाही, आणि मग दोष शिसवीला दिला जातो.

लाख लावली आणि पांढुरकी पडली. पावसाळी हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि थरात धुकं अडकतं. शेडमधला कूलर त्या दिवशी पाण्यासह चालू होता, त्याची दमट हवा थेट कामावर येत होती. पाणी बंद केलं, नुसता पंखा ठेवला, तोंड फिरवलं. एका जुन्या लोखंडी कपाटात दोन बल्ब लावून आतलं तापमान ३५ ते ३८ अंशांवर ठेवलं आणि प्रत्येक हातानंतर करंडे त्यात दोन तास ठेवले. ४५ च्या वर जाऊ दिलं नाही, कारण मग लाख मऊ पडते आणि पातळ भिंत आवळते. धुकं आलेल्यांवर स्पिरिटने ओलसर केलेली पोटली एकदाच अलगद फिरवली, ते निघालं.

बाहेरून तीन हात, मध्ये राखाडी नायलॉन पॅडने हलकी घासाई. स्टील वूल टाळलं, त्याचे बारीक तुकडे शिसवीच्या छिद्रांत अडकतात. टोपणाच्या बैठकीवर एकच हात आणि मेण मुळीच नाही. आतून एकच हात, तोही फक्त तेलाचा उरलेला अंश बंद करण्यासाठी. चुना घालून केलेल्या हळदीच्या कुंकवात क्षार असतो. कोरड्या भुकटीने लाखेला काही होत नाही, पण ओल लागली तर होऊ शकतं.

दोन दिवसांनी मेण. कार्नोबा आणि मधमाश्यांचं मेण एकत्र वितळवून केलेली वडी, कापडी चाकावर अगदी हलक्या हाताने. नुसतं मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातही बोटाचे ठसे धरतं. कार्नोबा ८२ अंशांच्या वर वितळतं. पण चाक दाबलं की खालची लाखच आधी ओढली जाते, म्हणून घाई नको.

निष्पत्ती

४४ करंडे महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी पोचले. उरलेल्या चारांपैकी दोघांच्या बोंड्या पहिल्या चाचणीत रंगल्या होत्या. त्या पोकळ पटाशीने काढून नव्या बसवाव्या लागल्या. दोन करंड्यांना आतल्या तळाशी चिरा दिसल्या आणि ते नव्याने कातले. रूप काकूंना पसंत पडलं. तेलाइतकं खोल नाही, पण जवळपास.

पुढच्या उन्हाळ्यात काही टोपणं घट्ट झाल्याची तक्रार आली. ते फिनिशचं काम नव्हतं. कोरड्या हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं आणि गोल करंडा किंचित अंडाकृती होतो. बैठक ३२० च्या पेपरने सोडवून दिली. एका करंड्यावर अत्तर सांडून पांढरा डाग पडला होता. त्यावर लाखेचा एक हात आणि मेण एवढंच पुरलं. दुरुस्ती इतकी सोपी असणं, ही लाखेची मोठी बाजू. त्याच जागी मेलामाइन असतं तर अख्खा थर काढावा लागला असता.

निर्णय कुठे चुकले, कुठे बरोबर आले

तेल निवडणं ही मुख्य चूक नव्हे. "तेलासारखं दिसणं" ही अट होती आणि ती थेट "तेल लावणं" अशी वाचली गेली. आधी लाखेचा पातळ हात देऊन वर तेल दिलं असतं तरी ते वाळलं असतं, हे तिसऱ्या पट्ट्याने दाखवलं. ज्यांना खरोखर तेलाचंच रूप हवं त्यांनी शिसवीवर हाच क्रम ठेवावा.

खरी चूक ४८ नग एकाच दिवशी तेलात भिजवण्याची. दोन नग आधी केले असते तर दहा दिवसांत कळलं असतं. दुसरी चूक बोंडी आधी बसवण्याची. फिकट आणि गडद लाकूड एकत्र असेल तर दोन्ही वेगवेगळं फिनिश करून मगच जोडावं. चूल आणि भोक मात्र कोरं ठेवावं, आणि शिसवीचं भोक गोंदाच्या लगेच आधी असिटोनने पुसावं. आतला भाग तर ४०० पर्यंत घासून कोराच ठेवायला हवा होता. कुंकवाच्या करंड्याला आतून कशाचीच गरज नसते.

बरोबर आलेला निर्णय एकच, पण मोलाचा: उन्हात ठेवत बसण्याऐवजी पट्टे करून कारण शोधणं. तेही एक आठवडा उशिरा.

इतर लाकडांवर हे सरसकट लागू करू नये. सागवानातही तेलकट द्रव्यं आहेत, त्यावर तेल सावकाश वाळतं पण बहुधा वाळतं. बिबल्याचा रंग पाण्यातसुद्धा उतरतो, त्यामुळे तिथे बोंडीची काळजी आणखी जास्त. अंजन अतिशय घट्ट, त्यात काहीच मुरत नाही, म्हणून जाड हात दिला की तो वरच राहतो.

कार्यशाळेने आता नवीन जड लाकूड आलं की त्याच्या गाभ्याचा आणि कडेच्या पांढऱ्या भागाचा एकेक तुकडा घ्यायचं ठरवलं आहे. त्यावर नेहमीचं तेल, लाखेवर तेल आणि नुसती लाख असे तीन पट्टे काढतात, मागे तारीख लिहितात आणि सात दिवसांनी टिश्यू पेपर दाबून पाहतात. टिश्यूचे धागे जिथे चिकटतात तिथे ते फिनिश त्या लाकडावर घेत नाहीत.